भरिताच्या विस्तवातली काच

थंडी पडली की धुळ्यातल्या देवपुरात आमच्या गॅलरीत पांझरा नदीकडून धूर येतो. कोणाच्या तरी शेतात पऱ्हाट्या पेटलेल्या असतात, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं, आणि त्यांच्यावर वांगी भाजली जात असतात. इतरांचा हिवाळा स्वेटरने सुरू होत असेल, आमच्या खानदेशातला वांग्याने होतो. हिरवी, गुळगुळीत, तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी उचलावी लागणारी वांगी बाजारात येतात, आणि एरवी शहाणीसुरती असलेली माणसं भर रस्त्यात गाडी थांबवून एकमेकांना "मग, भरीत कधी?" असं विचारू लागतात. या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. तब्येतीच्या चौकशीला नाही दिलं तरी चालतं.

यंदाचा पहिला धूर आला त्याच सकाळी अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. पारोळ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे त्या आणि आबा, म्हणजे माझे सासरे, असे दोघंच राहतात. अक्का फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नाहीत. मागचं बोलणं अर्धवट राहिलं असावं तशा थेट सुरू होतात.

"वांगा वनात. पन तुना आबा बोलत नहीत."

"वांगी आली ते कळलं. पण आबा कोणाशी बोलत नाहीत?"

"कोनसंगेच नही. दिवाईपाईन कोनसंगे भांडेल नहीत. डॉक्टर म्हनस, बठ्ठं बराबर शे. मंग बोलत काब्रं नहीत? तूच ये."

आबा दिवाळीपासून भांडले नाहीत ही बातमी साधी नव्हती. आबा पेपरशी भांडतात, टीव्हीवरच्या हवामानाशी भांडतात, दारावर आलेल्या भाजीवाल्याशी भाजी घ्यायची नसतानाही भांडतात. डॉक्टरच्या मशीनला जे दिसत नाही ते अक्कांना दिसलं होतं. मी फोन ठेवला आणि धुराकडे बघत उभी राहिले. मला आधी आबा आठवले नाहीत, काच आठवली. खोटं कशाला सांगू.

मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. दर हिवाळ्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक प्रयोग करून दाखवते. काचेच्या एका कांडीला जवळ जवळ दोन तारा गुंडाळायच्या, मध्ये एक बल्ब जोडायचा, बटण दाबायचं. काही होत नाही. मुलं मोबाइल काढतात. मग कांडीखाली गॅसची ज्योत धरायची. कांडी आधी नुसती तापते, मग लाल होते, मग जरा वाकते, आणि बल्ब पेटतो. मोबाइल खिशात जातात, निदान काहींचे. काच वीज वाहून नेत नाही, हे मुलांनी पाचवीपासून पाठ केलेलं असतं. ते खरंच आहे. पण ते थंड काचेबद्दल खरं आहे. काचेत सोडियमचे कण असतात, ते गार असताना एकमेकांत गच्च अडकून बसलेले असतात, लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेल्या पाहुण्यांसारखे. काच पुरती तापली की त्यांना जरा सरकायला जागा होते. ते सरकले की वीज वाहिलीच म्हणून समजा.

एवढं सांगून मी थांबते. मुलांना वाटतं, बाईंचं शिकवून झालं. मी हा प्रयोग पहिल्यांदा कुठे केला, त्यात वांग्याचा काय संबंध होता आणि माझी नोकरी एका बांगडीवर कशी लागली, हे अभ्यासक्रमात बसत नाही.

मी जळगावात वाढलेली. एम.एस्सी. झाले, लग्न झालं आणि ऐन थंडीच्या तोंडावर गावी येऊन पडले. माझा नवरा सुनील पारोळ्याला पतपेढीत कामाला होता. सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात आम्ही तिघं: अक्का, आबा आणि मी. आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. म्हणजे भांडण वगैरे काही नव्हतं, रीत होती. सासऱ्याला सुनेला काही सांगायचं असेल तर त्यानं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं. सून तिथेच हातभर अंतरावर डोक्यावर पदर घेऊन सगळं ऐकत बसलेली असली तरी. पहिल्या दिवशी मला वाटलं, आबांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, मलाच कमी ऐकू येतं असा त्यांचा समज झालाय.

"तिले सांग, च्यामा साखर कमी शे," आबा अक्कांना म्हणायचे.

अक्का माझ्याकडे वळायच्या. "च्यामा साखर कमी शे."

"आबांना सांगा, आणते."

"आनस म्हने."

असा आमचा संसार चालला होता. एकदा अक्का मळ्यात गेल्या होत्या, घरात तिसरं माणूस नव्हतं, आणि ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांवर शेळी चढली. आबांनी गोठ्याकडे तोंड करून म्हशीला सांगितलं, "शेयी मिरच्या खाई ऱ्हायनी." म्हैस काही बोलली नाही. मी म्हशीला "बरं" म्हटलं आणि शेळी हाकलली. आज हसू येतं. तेव्हा संध्याकाळी सुनील आल्यावर मी रडले होते. मला सासुरवास नव्हता, कोणी वाकडा शब्द बोलत नव्हतं. आबांकडून तर सरळ शब्दही येत नव्हता, आणि मला तेच सलत होतं.

त्यात देवपूरच्या कॉलेजाकडून बोलावणं आलं. शिकवणाऱ्या बाई अचानक सोडून गेल्या होत्या, संक्रांत झाली की हजर व्हा म्हणाले. गावातून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं होतं. मी हरखून गेले. सुनील म्हणाला, "माझी काहीच हरकत नाही. फक्त आबांनी स्वतः तुला 'जा' म्हटलं पाहिजे. मागून कोणी बोलायला नको." सुनील सगळंच असं फार सोपं करून सांगतो. जो माणूस मला शेळीबद्दल सांगत नव्हता, त्यानं मला नोकरीला जा म्हणायचं होतं, तेही संक्रांतीच्या आत.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा वायरमन होते. गावातल्या निम्म्या खांबांवर ते चढलेले आहेत आणि उरलेल्या निम्म्यांवर कोण चुकीचं चढलं होतं हे त्यांना ठाऊक आहे. निवृत्त झाले तरी कानावर टेस्टर कायम, दुसऱ्या कोणाच्या कानावर विडी असते तसा. आणि त्यांचा एक पाट होता. जाड सागवानी फळी आणि तिला पायांच्या जागी चार काचेच्या जुन्या दौती, उलट्या बसवलेल्या. घरातलं, गावातलं विजेचं कुठलंही काम आबा त्या पाटावर उभं राहून करायचे. तरुणपणी एकदा चालू तारेला त्यांचा हात लागला होता. पाटावर उभे होते म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आबांची देवावर जेवढी श्रद्धा होती तेवढीच काचेवर होती, आणि देवाला ते अधूनमधून बोलायचे तरी, काचेला कधी नाही.

एका सुटीच्या दुपारी जेवताना सुनीलच्या मित्रासमोर ही गोष्ट रंगली. "काच नही ऱ्हाती तर आज मना फोटोले हार ऱ्हाता," आबा म्हणाले. "काच बठ्ठासमा इमानी चीज शे. करंट लेत नही म्हंजे लेत नही."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तापवली तर घेते."

आबांचा घास हातातच राहिला. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवरून ठेच्याचं तेल मनगटापर्यंत ओघळलं तरी त्यांना कळलं नाही. सुनीलचा मित्र पाणी पिऊ लागला. आबांनी सावकाश अक्कांकडे मान वळवली.

"तिले सांग, मना जनम खांबावर गया."

"आबांना सांगा, खांबावरची काच गार असते."

"तिले सांग, वैशाखमा नही ऱ्हात. वैशाखमा खांबले हात लावी दखाड म्हना."

"आबांना सांगा, तेवढं तापून भागत नाही. लाल झाली पाहिजे. काचेत सोडा असतो, तो मोकळा होतो."

"ती म्हनस, काचमा सोडा ऱ्हास," अक्का म्हणाल्या.

"सोडा भजासमा ऱ्हास!" आबा कडाडले.

अक्कांची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होती. शेवटी त्यांनी हातातलं उलथणं आपटलं. "मी काय तुमनी वायर शे का?" म्हणाल्या आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. पण मला त्या दुपारी फार बरं वाटलं. लग्न झाल्यापासून आबा मला उद्देशून इतकं कधीच बोलले नव्हते. धीर करून मी आणखी एक निरोप चुलीकडे सोडला: मी काचेतून बल्ब पेटवून दाखवला, तर आबांनी मला देवपूरला जा म्हणायचं, स्वतःच्या तोंडानं, माझ्याकडे बघून. चुलीनं तो पोहोचवला. आबा हात धुवायला उठले आणि म्हणाले, "तिले सांग, लाव म्हना."

घरच्या चुलीवर हे होण्यातलं नव्हतं. मातीच्या चुलीत दोन वायरी घालायच्या म्हटल्यावर अक्कांनी चुलीपुढून हलायलाच नकार दिला. मग ठरलं की रविवारी मळ्यात भरीत असतं, तिथे विस्तवही असतो आणि मोटरीच्या पेटीत लाइटही असते. लाइट असते म्हणजे असायला हवी. पहिल्या रविवारी वांगी भाजून, सोलून, खाऊन झाली, बोटं चाटून झाली, तरी लाइट आली नाही. आली तेव्हा विस्तवाची राख झाली होती आणि आबा निंबाखाली समाधानानं घोरत होते.

पुढच्या रविवारी लाइट होती. मी वायरी जोडायला घेतल्या. आबा लांब बाजेवर पाठ करून बसले होते, पण पाठीला डोळे असावेत तशी त्यांची चुळबुळ चालली होती. शेवटी त्यांना राहवेना. "तिले सांग, हाई जोडनी शे का गाठोडं?" असं म्हणत ते उठले, पाट आणून त्यावर उभे राहिले आणि माझ्या हातातल्या वायरी काढून घेऊन सगळी जोडणी स्वतः नव्यानं केली. माझा प्रयोग फसावा अशी ज्यांची मनापासून इच्छा होती, त्यांनीच तो इतका सुरेख मांडला की मला आजवर प्रयोगशाळेतही तसा साहाय्यक मिळालेला नाही. मी आणलेला एलईडी बल्ब त्यांनी लावून पाहिला. विस्तव पेटवायच्या आधीच तो मिणमिणायला लागला, कारण असल्या बल्बला कुठूनतरी झिरपलेली थेंबभर वीजही पुरते.

"हाऊ बल्ब शे का काजवा?" आबांनी निंबाला विचारलं. मग स्वतःच घरी जाऊन ट्रंकेतला जुना पिवळा बल्ब घेऊन आले, सदऱ्याला पुसला आणि निंबाच्या फांदीला टांगला. लबाडीनं हरायची त्यांची तयारी नव्हती आणि लबाडीनं जिंकायचीही नव्हती.

काच म्हणून मी लोणच्याच्या फुटक्या बरणीचा एक जाड तुकडा आणला होता. त्याला दोन वायरींची टोकं आवळली आणि विस्तवात ठेवणार, एवढ्यात अक्का पदर खोचून आल्या. वांगी भाजायला एक विस्तव आणि काच भाजायला दुसरा, हे त्यांना मान्य नव्हतं. "दोन विस्तव काब्रं? येकमाच व्हई जाई बठ्ठं," म्हणत त्यांनी माझ्या काचेच्या आजूबाजूला वांगी रचली. जगात अनेक ठिकाणी हा प्रयोग झाला असेल. भरिताच्या वांग्यांत तो फक्त आम्हीच केला असणार.

पऱ्हाट्या धडाडल्या. वांग्यांची सालं तडतडू लागली, तो गोडूस, कडवट वास सुटला. विस्तवात कुठेतरी फट्कन आवाज झाला, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. आणि थोड्या वेळानं निंबावरचा बल्ब लालसर झाला. आधी वाटलं उन्हाचा भास. मग शेजारच्या मळ्यातले नाना, जे फक्त भरितासाठी आले होते, ओरडले, "आबा, पेटना!" मी अक्षरशः उड्या मारल्या, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे गेला. सुनीलनं टाळ्या वाजवल्या. आबा पाटावरून खाली उतरले, बल्बजवळ गेले, बघत राहिले. त्यांनी घसा खाकरला. माझ्याकडे वळतात की काय असं वाटलं.

तेवढ्यात अक्कांनी, वांगी झाली म्हणून, मधलं मोठं वांगं काठीनं विस्तवातून ओढून काढलं. बल्ब विझला.

त्यांनी ते परत ठेवलं. बल्ब पेटला. पुन्हा काढलं. विझला. सगळे अक्कांच्या हाताकडे बघत राहिले. ती फट् आवाजाची काच कधीच फुटून बाजूला पडली होती, आणि माझ्या वायरींची दोन्ही टोकं वांग्यात रुतून आतल्या आत शिजत होती. वांग्याच्या रसातून वीज जाते, त्याला विस्तवाचीही गरज नाही.

"तिले सांग, वांगामा करंट ऱ्हास हाई माले पहिलेपाईन म्हाईत व्हतं," आबा म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. नानांनी विचारलं की आता भरीत खायला रबराचे हातमोजे लागतील का. ते वांगं खायचं की नाही यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी सर्वात जास्त चव त्यालाच होती असं ठरलं. मी मात्र बाजेवर पाठ करून बसले. आता पाठ करायची पाळी माझी होती. गावात मला 'वांगावाली वहू' हे नाव पडलं, ते आजही आहे. देवपूरहून कॉलेजाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, घरी विचारून कळवते.

संक्रांतीच्या अगोदरचा एकच रविवार उरला होता. मी जावं की नाही या विचारात होते. पण मळ्यात पोहोचले तर निंबाला बल्ब आधीच टांगलेला, वायरी ओढलेल्या, पाट मांडलेला. आबा दुसऱ्या बाजूला तोंड करून बाजेवर बसलेले. आता कमी होती ती काचेची. जाड काच तडकते, बारीक हवी, म्हणून मी हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघितलं, आणि अक्कांनी ते बघितलं.

"सवाशीननी बांगडी विस्तवमा? मना जीव शे तोवर नही!"

आमच्याकडे बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फोडून विस्तवात घालणं तर दूरच. मी बांगड्या पदराखाली घेतल्या. वांगी भाजून झाली. अक्का ती बडगीत, म्हणजे लाकडाच्या त्या खोलगट भांड्यात, मिरच्या-लसणीबरोबर ठेचायला बसल्या. दरवर्षी ठेचतात तशाच, पण त्या दिवशी हात जरा जास्तच जोरात चालला होता असं मला वाटतं. बडगीच्या काठावर मनगट आपटलं आणि टिक्कन आवाज झाला. अक्कांनी बोटभर लांबीचा हिरवा तुकडा उचलला, भरितात काही गेलं नाही ना ते नीट पाहिलं आणि तो माझ्यापुढे धरला.

"ले. आपसूक वाढनी. आते टाक."

आबांनी तो माझ्याकडून घेतला नाही, अक्कांकडून घेतला, आणि त्यावर दोन तारा इतक्या जवळ आणि इतक्या नेटक्या गुंडाळल्या की सोनारानं बघत राहावं. या वेळी विस्तवात एकही वांगं नव्हतं, ते अक्कांनीच पाहिलं. मी फुंकणी घेतली आणि फुंकायला बसले. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थंडीच्या दिवसांत घाम फुटला होता. बांगडी तांबडी झाली. मग नारिंगी झाली. हिरवी होती हे सांगून कोणाला पटलं नसतं. मध्यावर ती जराशी लवली, आणि निंबावरच्या बल्बातली तार विडीच्या टोकासारखी लाल झाली. मग पिवळी. मग बल्ब चक्क पेटला, भर दुपारी त्याच्या उजेडाची निंबाच्या पानांवर चकाकी दिसावी इतका.

"वांगं दखा!" नाना म्हणाले. वांगं नव्हतं.

मी चिमट्यानं जळत्या पऱ्हाट्या बाजूला ओढल्या, सगळ्या. खाली नुसती राख उरली. बल्ब पेटलेलाच राहिला. दोन तारांच्या मध्ये तो काचेचा थेंब स्वतःच्याच विजेनं तापून झगझगत होता. आता त्याला माझ्या फुंकणीची गरज नव्हती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की भान राहिलं नाही, तो थेंब जवळून बघावा म्हणून मी हातातला चिमटा तसाच पुढे नेला.

"पोरी, चिमटा टाक! लोखंड शे ते!"

चिमटा माझ्या हातून गळून पडला. आबा पाटावर उभे होते, हात पुढे केलेला, चेहरा पांढरा पडलेला, आणि थेट माझ्याकडे बघत होते. निंबावरचे कावळेसुद्धा उडाले. मग आबांनी बटण बंद केलं. बल्ब विझला, थेंब काळवंडला. आपण काय केलं हे आबांना एका क्षणानं कळलं असावं, कारण ते लगबगीनं अक्कांकडे वळले.

"तिले सांग..."

अक्का बडगीतून वर न बघता म्हणाल्या, "मी नही सांगाव. वायर जयी गयी."

वायर जळाली म्हटल्यावर आबांनी नानांकडे बघितलं. नाना भाकरीकडे बघू लागले. म्हैस घरी होती. आबा त्या दौतींच्या पाटावर, शाळेत फळ्याजवळ उभं केल्यासारखे, बराच वेळ उभे राहिले. कानावरचा टेस्टर काढला, परत ठेवला.

"कदय जानं शे धुयाले?" त्यांनी विचारलं. मला विचारलं.

"संक्रांत झाली की लगेच, आबा."

"पहिली गाडीवर जाय. दुसरीले उभं ऱ्हावनं पडस."

एवढंच बोलले. मी "हो" म्हटलं आणि फुंकणी हातात धरून रडत बसले. सगळ्यांना वाटलं धूर लागला. धूर तर केव्हाच गेला होता.

नंतरच्या हिवाळ्यांत मी गार काचेलाही ओळखायला शिकले. कारण त्या प्रयोगातली खरी गोम अशी, की एकदा बटण बंद केलं आणि काच निवली, की ती पुन्हा पहिल्यासारखी होते. पुन्हा पेटवायची तर पुन्हा फुंकावं लागतं. आम्ही देवपूरला राहायला आलो, आणि महिना-दीड महिन्यानं गावी गेलं की आबा पहिल्या तासाला हमखास अक्कांना म्हणायचे, "तिले सांग, प्रवास चांगला व्हयना का?" मग मी फिजिक्समधलं काहीतरी त्यांना न पटणारं काढायची. एकदा म्हटलं, आबा, चंद्राला स्वतःचा उजेड नसतो, तेवढं त्यांनी ऐकून घेतलं. एकदा म्हटलं, तारेतले कण गोगलगाईच्या चालीनं सरकतात, तेव्हा मात्र दोन दिवस आमचं कडाक्याचं वाजलं. निघताना अक्कांनी माझ्या पिशवीत भरिताची वांगी भरता भरता तक्रार केली, "कसाले पेटाडस यासले? मांगेतून आठ दिस माले ऐकनं पडस." तक्रार करताना त्या हसत होत्या.

यंदा दिवाळीनंतर परीक्षा आल्या, तपासणी आली, आणि मी गेलेच नाही. म्हणून अक्कांचा तो फोन.

रविवारी आम्ही गेलो. आबा ओट्यावर उन्हात बसले होते. वाळले होते. फरशी गार लागते म्हणून पाय दौतींच्या पाटावर ठेवलेले. कानावर टेस्टर नव्हता. ते मला सगळ्यात जास्त लागलं. अंगणात अक्कांनी विस्तव केला होता, आता मळ्यापर्यंत चालवत नाही. वांगी भाजून बडगीत पडली होती.

"देखा, कोन वनं," अक्का म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्कांकडे. "तिले सांग, बठ म्हना," इतकंच म्हणाले, तेही निम्मं घशातच राहिलं, आणि पुन्हा उन्हाकडे बघू लागले. अक्कांचा हात थांबला. त्यांनी ते मला सांगितलं नाही.

मी ओट्यावर बसले. अंतर तेच, हातभर. येताना सगळ्या वाटेनं मी एकच वाक्य घोळवत आले होते. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. हे वाक्य वाया गेलं तर माझ्याकडे दुसरं नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "पाणी अगदी शुद्ध असलं ना, तर त्यातून बल्ब पेटत नाही."

काही झालं नाही. विस्तवात एक पऱ्हाटी खाली सरकली. शेजारच्या छतावर कोणी गादी झटकत होतं. आबांचे पाय पाटावर होते तसेच होते. मग त्यातला एक अंगठा जरासा हलला.

"कोन म्हनस?"

"मी म्हणते."

आबांनी मान वळवली. अख्खा जन्म त्यांनी गावाला ओल्या हातानं बटणाला शिवू नका म्हणून ओरडून सांगितलं होतं, आणि आता त्यांच्याच ओट्यावर, त्यांचीच सून, कॉलेजातली बाई, हे बोलत होती. कपाळावरची शीर दिसायला लागली. हात आपोआप कानाकडे गेला, तिथे काही सापडलं नाही, तसे ते आतल्या खोलीकडे बघून खेकसले, "मना टेस्टर कोनी लया?" आणि मग माझ्याकडे वळून, सरळ माझ्या डोळ्यांत बघत, "पानी कोनतं? बोअरनं का नळनं? बठ आठे. सांग."

अक्का बडगीवरून उठल्या. घरातून एका हातात टेस्टर आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आल्या, दोन्ही आमच्या मधोमध ठेवलं आणि विस्तवाकडे निघून गेल्या.